बाहेर बसलेले अप्पा

मन्मथअप्पांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या वडिलांच्या एका साध्या प्रश्नामुळे. मी बारावी झाले होते. वडिलांना मला बी.एस्सी.ला घालायचं होतं, पण बिलोलीची मुलगी नांदेडला ठेवायची तर कॉलेज कसं आहे हे कळल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नव्हता. कुणीतरी म्हणालं, तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक मन्मथअप्पा आहेत, त्यांना विचारा. आम्ही त्यांच्या घरी गेलो. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. वडिलांचा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "बोलायच्या आधी एक सांगतो. मी तिथं नोकरीला हाय, माझा पगार तिथून येतो. पोरं कमी आली तर आमच्या विभागातली एक जागा जाणार हाय, अन् ती माझ्या मित्राची हाय. हे सगळं ध्यानात धरा, मंग माझं मत ऐका. शिकवणं चांगलं हाय. प्रयोगशाळा रद्दी हाय."

बाहेर आल्यावर वडील चपला घालून रस्त्याला लागले. मग म्हणाले, "ह्या माणसानं कॉलेज इकलं का मोडलं, हेच कळंना." नाव मात्र त्यांनी त्याच कॉलेजात घातलं.

पुढे कळलं की अप्पांची ही खोडच होती. कोणत्याही गोष्टीवर मत द्यायच्या आधी, त्या गोष्टीत आपलं काय गुंतलं आहे ते ते सांगून टाकत. बोर कुणाकडून मारून घ्यावी असं शेजाऱ्यानं विचारलं, तर आधी उत्तर यायचं, "तो बोरवाला माझा साडू हाय." कुणाच्या मुलीसाठी स्थळाची चौकशी आली, तर म्हणत, "पोरगा निर्व्यसनी हाय. पण त्याच्या बापानं मला एकदा त्याच्या गाडीत हैदराबादला न्हेलं, वाटेत जेवण घातलं. तेवढं माझ्या बोलण्यातून वजा करा." गिरिजाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडत, "अवो, ह्यांना इचारू नगा! ह्यांना इचारलं की जमलेलं लगीन मोडतंय!" अप्पा हसत. पण सवय काही सोडत नसत.

ही सवय कुठून आली, हे मी एकदा विचारलं होतं. तेव्हा मी त्यांची विद्यार्थिनी उरले नव्हते. त्यांच्याच हाताखाली एम.एस्सी. करून नोकरी शोधत होते. ते म्हणाले, "आमचे वडील गावात पंच व्हते. कुणाचंबी भांडण आलं की पारावर बसून निवाडा करायचे. पण भावकीतलं भांडण निघालं की पारावरनं खाली उतरून मातीत बसायचे. लोक म्हणायचे, पंच, वर बसा की. ते म्हणायचे, आज मी पंच न्हाई, आज मी भाऊ हाय." एवढं सांगून ते उठले आणि हातपाय धुवायला गेले. वडिलांविषयी त्यांनी यापेक्षा जास्त मला कधी सांगितलं नाही.

त्यांचं गाव लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळच्या पुढे. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या मुलींची लग्नं अजून व्हायची आहेत, आणि मी जे सांगणार आहे ते त्या गावाच्या नावाला चिकटलं तर ती होणार नाहीत. गावात अप्पांचा धाकटा भाऊ काशिनाथ शेती करायचा. वाटणीच्या वेळी दोघांत बिनसलं होतं. रस्त्याकडेचं रान काशिनाथनं घेतलं, ओढ्यापलीकडचं अप्पांना दिलं, आणि मधल्या विहिरीवरून शब्दाला शब्द लागला. त्यानंतर बरीच वर्षं दोघे लग्नकार्यात समोरासमोर आले तरी एकमेकांशी नुसती मान हलवून बोलत.

मला नोकरी लागली ती एका छाननी समितीच्या कार्यालयात. समितीचं लांबलचक सरकारी नाव सांगण्यात अर्थ नाही. ती आता बरखास्त झाली आहे. धोकादायक माल हाताळणारे कारखाने कुठे उभे राहावेत, राहू नयेत, याचे प्रस्ताव या समितीपुढे येत. पाच सभासद असत. मी त्यांची तांत्रिक सहायक होते; जागेवर जाऊन पाहायचं, पाण्यामातीचे नमुने घ्यायचे, टिपण लिहायचं. काही काळानं रसायनशास्त्राचे जाणकार म्हणून अप्पांचीच नेमणूक या समितीवर झाली. मला फार आनंद झाला. नेमणुकीचं कळल्यावर अप्पा म्हणाले, "सुनंदा, तू माझी विद्यार्थिनी हाईस, हे मी पहिल्याच बैठकीत सांगणार हाय." आणि त्यांनी सांगितलं.

समितीचा एक नियम होता. बैठक सुरू होताना अध्यक्ष विचारत, "आजच्या विषयांत कुणाचे हितसंबंध असल्यास सांगावे." ज्याचे असतील त्यानं ते सांगायचे आणि तो विषय निघाला की खोलीबाहेर जायचं. तिघांपेक्षा कमी सभासद उरले तर तो प्रस्ताव वरच्या समितीकडे पाठवायचा. कागदावर हा नियम चोख होता. प्रत्यक्षात अध्यक्ष तो प्रश्न चहाचा कप तोंडाला लावता लावता विचारत आणि सगळे बशीकडे बघत. एकटे अप्पा दर वेळी हात वर करत. "या कारखान्याचा मॅनेजर माझा विद्यार्थी होता." "या गावी माझ्या पत्नीचं माहेर आहे." बैठकीत ते पुस्तकी मराठी बोलत. सल्लागार इंजिनिअर म्हणून समितीवर असलेले एक गृहस्थ एकदा हसत म्हणाले, "अप्पा, मराठवाड्यात असं एक गाव सांगा जिथे तुमचं कुणी नाही." सगळे हसले. अप्पा म्हणाले, "तसं गाव असतं तर मी सांगितलं असतं." ते हसले नव्हते.

मग तो प्रस्ताव आला. जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून त्यातलं शिसं काढण्याचा कारखाना. जागा अप्पांच्या गावात, रस्त्याकडेच्या रानात. काशिनाथनं ते रान कारखान्याच्या मालकाला विकायचं ठरवलं होतं. त्याला कुणाचं देणं नव्हतं, अडचण नव्हती. त्याचा मुलगा महेश शिकून घरी बसला होता. मालकानं त्याला स्टोअरकीपर करतो म्हणून शब्द दिला होता. शिवाय गावात कारखाना आणला म्हणून काशिनाथचं नाव होणार होतं. माणसाला तेवढं पुरतं.

बैठकीच्या आधी काशिनाथ नांदेडला अप्पांच्या घरी आला. मी त्या दिवशी काकूंकडे काही कामानं गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. हातात घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी. इतक्या वर्षांनी दीर दारात आलेला पाहून काकूंचे डोळे भरून आले. त्या पिशवी घ्यायला पुढे झाल्या, तर अप्पा म्हणाले, "ती पिशवी व्हरांड्यातच राहू दे."

"का रं अण्णा?" काशिनाथ म्हणाला. "भावानं भावाला डाळ द्यायची न्हाई?"

"दे की. बैठक झाल्यावर दे. तवा मी येऊन घेऊन जाईन."

काशिनाथ खाली बसला. म्हणाला, "मी काय तुला खोटं बोल म्हणायलोय का? तू नुसतं बस. काय बोलू नगंस. बाकीच्यांचं मालकानं बघितलंय."

"काय बघितलंय?"

"ते मला न्हाई मालूम. बघितलंय म्हणला."

अप्पांनी त्याला जेवायला थांबवलं. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून जेवले. जाताना काशिनाथनं व्हरांड्यातली पिशवी उचलली आणि परत नेली. काकू दारापर्यंत गेल्या आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

मी जागेची पाहणी करून आले होते. रानाच्या खालच्या अंगाला ओढा, आणि वारा वर्षातले बरेच महिने कारखान्याकडून गावाकडे, नेमका शाळेवरून. हे मी टिपणात लिहिलं होतं. अप्पांना शिशाविषयी जेवढं कळत होतं तेवढं समितीत कुणालाच कळत नव्हतं. ते वर्गात सांगायचे, "शिसं लई गरीब दिसणारं विष हाय. जळजळत न्हाई, वास येत न्हाई. लेकराच्या हाडात जाऊन बसतंय, अन् आईला वाटतंय पोरगं आळशी हाय." त्यामुळे ते या प्रस्तावाला विरोध करणार, याबद्दल मला शंका नव्हती.

बैठकीत अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं. अप्पांनी हात वर केला. "विषय क्रमांक तीन. ही जमीन माझ्या सख्ख्या भावाची आहे. शेजारचं रान माझं आहे. मी या विषयाला बाहेर जातो."

अध्यक्ष म्हणाले, "बसा हो अप्पा. भाऊ तुमचा, जमीन त्याची. तुमची सही थोडीच आहे? आम्हाला तुमची माहिती लागणार."

"नियम आहे," अप्पा म्हणाले, आणि विषय निघाल्यावर उठले.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, तुम्ही बाजूनं बोलणार असता तर बाहेर येणं बरोबर होतं. तुम्ही तर विरोध करणार होता. मग आत बसा ना."

कॉरिडॉरमध्ये एक लाकडी बाक होता. अप्पा त्यावर बसले. म्हणाले, "विरोध करणाऱ्याचाबी हितसंबंध असतोय, सुनंदा. काशिनाथचं न् माझं विहिरीवरून वाकडं हाय. त्याचा हा सौदा मोडला तर माझ्या मनात कुठंतरी बरं वाटंल, हे मला मालूम हाय. मंग मी जे बोलंन ते शास्त्र बोलंल का वैर बोलंल, कसं ओळखू? अन् मी जरी ओळखलं, तरी लोक कसं ओळखतील?"

मी आत गेले.

आत फारशी चर्चा झाली नाही. माझं टिपण वाचल्याचं धरण्यात आलं. धुराड्याची उंची, भोवती झाडं लावणे, अशा अटी घालून प्रस्ताव मंजूर झाला. मी बाहेर आले तेव्हा अप्पा तसेच बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "वारा कुठल्या अंगाचा, हे इचारलं का कुणी?"

"नाही सर."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या विषयासाठी आत जाऊन बसले.

कारखाना उभा राहिला. महेश स्टोअरकीपर झाला. काशिनाथनं घरावर मजला चढवला, आणि अप्पांना डाळ पाठवली नाही ती नाहीच. पहिल्या वर्षी गावात कौतुक होतं. दुसऱ्या वर्षी ओढ्याच्या खाली चरणारी दोन-तीन जनावरं गोल गोल फिरून मेली. लोक म्हणाले, काहीतरी खाल्लं असेल. शाळेतल्या मास्तरांची तक्रार होती की पोरांच्या ध्यानात पाढे राहिना झालेत. त्याला कुणी कारखान्याशी जोडलं नाही. कोण जोडणार?

अप्पा गावी गेले ते एका चुलतीच्या मातीला. तिथे काशिनाथच्या ओट्यावर महेशची मुलगी, गौरी, पोट धरून बसली होती. पाच वर्षांची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती अखंड बडबडायची, असं अप्पा सांगत. आता अप्पांनी नाव विचारलं तर आईच्या तोंडाकडे बघत होती. चेहरा पिठासारखा. अप्पांनी तिला मांडीवर घेतलं, "आ कर बघू" म्हणाले, आणि हिरडीच्या कडेला त्यांना ती निळसर काळी रेघ दिसली. आयुष्यभर वर्गात फळ्यावर काढून दाखवलेली रेघ. ते मला म्हणाले, "सुनंदा, मला त्या क्षणी एवढंच वाटलं, की ही दातवणाची घाण असू दे."

त्यांनी कुणाला काही न सांगता काशिनाथला आणि मुलीला गाडीत घातलं आणि हैदराबादला नेलं. मलाही बोलावून घेतलं. रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "तिला त्या गावापासून लांब ठेवा. औषधानं अंगातलं शिसं कमी करता येईल. पण डोक्यातलं जे गेलंय ते सगळं परत येईल, असं मी सांगू शकत नाही." डॉक्टरीणबाईंची हिंदी काशिनाथला नीट कळत नव्हती. अप्पांनी त्याला आपल्या भाषेत समजावलं. शेवटचं वाक्य सांगताना ते थांबले, आणि मग तेही जसंच्या तसं सांगितलं.

काशिनाथनं विचारलं, "तुला हे आधी मालूम व्हतं?"

"हो."

"कारखाना आला तर असं व्हतंय, हे मालूम व्हतं?"

"हो."

"मंग तू आत का बसला न्हाईस?" काशिनाथचा आवाज चढला नाही. "मी तर अडाणी. मी म्हणलो काय बोलू नगंस. मी म्हणलो म्हणून तू ऐकायलास व्हय? जल्मात कधी माझं ऐकलास? मला मारायचं व्हतंस. रानात उभं करून हाणायचं व्हतंस. बाहेर जाऊन काय बसलास?"

गौरी बाकावर झोपली होती. अप्पांनी तिच्या अंगावर आपला टॉवेल घातला.

त्यानंतर हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. मालकानं "बघितलंय" म्हणजे काय, ते. कारखान्यानं समितीला जो पर्यावरणाचा अहवाल दिला होता, तो त्या सल्लागार इंजिनिअरांच्या पत्नीच्या कंपनीनं तयार केला होता. आणि शेड बांधायचं काम दुसऱ्या एका सभासदाच्या पुतण्याला मिळालं होतं. दोघेही त्या दिवशी खोलीत होते. दोघांनीही बशीकडे पाहिलं होतं.

अप्पा एका दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. म्हणाले, "मी लई दिवस इचार करायलोय, की नियम चुकला का मी चुकलो. आम्ही पाच जण. तिघांनी बाहेर यायला पाहिजे व्हतं. तिघं आले असते, तर आत दोघंच उरले असते. बैठकच झाली नसती. प्रस्ताव वर गेला असता, दुसऱ्या माणसांपुढं. मी एकटा बाहेर आलो, म्हणून बैठक झाली." मग म्हणाले, "मी बाहेर येऊन त्यांची वाट मोकळी करून दिली."

मी म्हटलं, "सर, तुम्ही नियम पाळला."

"पाळला की. गौरीला सांगू का तसं?"

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा अप्पा उभे राहिले. म्हणाले, "आज माझं काही नाही. पण त्या दिवशी इथे आणखी दोघांचं होतं. त्यांनी ते आज सांगावं, एवढी विनंती आहे." मग इंजिनिअर म्हणाले, "माझ्या पत्नीचा व्यवसाय स्वतंत्र आहे." दुसरे म्हणाले, "पुतण्या म्हणजे मी नव्हे." अध्यक्ष म्हणाले, "अप्पा, हे फार व्यक्तिगत होतंय." अप्पांनी खिशातून पेन काढलं, समोरच्या कोऱ्या कागदावर दोन ओळींचा राजीनामा लिहिला, कागद अध्यक्षांकडे सरकवला, आणि सगळ्यांना हात जोडून शरणार्थ करून निघून गेले. या वेळी मी त्यांच्या मागे गेले नाही. त्यांना ते चाललं नसतं, एवढं त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

लोक काय बोलतात ते कानावर आलंच. भावाला चांगला भाव मिळाला, अप्पांच्या रानाला गिऱ्हाईक आलं नाही, म्हणून म्हातारा पेटलाय. ज्या बोलण्याच्या भीतीनं ते बाहेर जाऊन बसले होते, ते बोलणं बाहेर बसूनही चुकलं नाही.

अप्पा काकूंना घेऊन गावी राहायला गेले. ओढ्यापलीकडच्या रानात दोन खोल्या बांधल्या. गौरीला तिच्या आईबरोबर उदगीरला मामाकडे ठेवलं होतं; अप्पा आठवड्याला एसटीनं तिच्याकडे जायचे आणि अक्षरं गिरवून घ्यायचे. आज आलेलं अक्षर पुढच्या आठवड्यात पुसलेलं असायचं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. काकू एकदा मला म्हणाल्या, "कॉलेजात पोरांवर कावायचे गं. तिच्यावर एकदा बी आवाज न्हाई चढवला." गावातल्या बाकीच्या लेकरांची रक्ततपासणी व्हावी म्हणून त्यांनी घरोघर उंबरे झिजवले. काही जणांनी दारात उभं केलं नाही. "आमच्या पोरीला खोट लावता का?" असं म्हणून एका बाईनं त्यांच्या अंगावर पाणी फेकलं. त्यांनी ते टॉवेलनं पुसलं आणि पुढच्या घरी गेले.

मग कारखान्याला विस्तार करायचा होता, म्हणून शाळेच्या पटांगणात जनसुनावणी ठेवली गेली. मांडव, लाऊडस्पीकर, टेबलामागे अधिकारी. पुढच्या रांगांत कारखान्याचे कामगार बसवले होते. महेशही त्यांत होता. मी शेवटच्या रांगेत होते. बराच वेळ कारखान्याचं कौतुक चाललं. मग अप्पांनी हात वर केला आणि माईक घेतला.

"बोलायच्या आधी सांगतो," ते म्हणाले. समोरचे अधिकारी पुस्तकी मराठीवाले होते, पण अप्पा गावच्या बोलीत बोलत होते. "ज्या जमिनीवर कारखाना हाय ती माझ्या भावानं इकली. माझं रान त्याला लागून हाय. माझा पुतण्या तिथं कामाला हाय, अन् मी बोललो की उद्या त्याचं काम जाणार हाय. अन् माझ्या नातीच्या अंगात ह्या कारखान्याचं शिसं हाय. इतका माझा हितसंबंध हाय. मागं मला वाटलं, ज्याचं गुंतलंय त्यानं गप बसावं. आता कळलं, इथं ज्याचं ज्याचं लेकरू हाय त्याचं त्याचं गुंतलंय. मंग बोलायचं कुणी?"

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, मंजूर झालं तवा कुठं व्हता?"

लाऊडस्पीकर घरघरत होता. अप्पा म्हणाले, "बाहेर. बाकावर बसलो व्हतो."

ते पुढे सगळं सांगत गेले, वारा, ओढा, मेलेली जनावरं, पोरांचे पाढे. वर्गात शिकवायचे तसं, न चिडता. ते संपवून खाली बसणार तेवढ्यात मांडवाच्या कडेला उभा असलेला काशिनाथ पुढे आला. त्यानं अप्पांच्या हातातून माईक घेतला. धरता येत नव्हता, तो छातीशीच धरून म्हणाला, "जमीन मी इकली. गावात मीच आणलाव हे. माझं बी लिहून घ्या." दोघे भाऊ तसेच शेजारी शेजारी उभे राहिले. अधिकाऱ्यांपैकी एकानं काहीतरी लिहून घेतलं.

विस्ताराचा प्रस्ताव अडकून पडला. नाकारला असं कुणी कधी म्हणालं नाही. कारखाना चालूच राहिला. महेशचं काम त्याच आठवड्यात गेलं. पुढे मालकाला दुसऱ्या जिल्ह्यात स्वस्तात जागा मिळाली, तेव्हा त्यानं भट्ट्या उचलल्या आणि निघून गेला. पत्र्याच्या शेड्स तशाच उभ्या आहेत. समिती बरखास्त झाली, सभासद दुसऱ्या समित्यांवर गेले. गौरी गावी परत आली. शाळेत तिच्याहून लहान मुलांत बसते. स्वतःचं नाव लिहिते, कधी पूर्ण, कधी अर्धं.

अप्पा गेले ते हिवाळ्यात, सकाळी, अंघोळ करून लिंगपूजेला बसले असताना. काकूंना वाटलं, आज पूजा लांबली. मी बातमी कळताच निघाले. पोहोचले तेव्हा विधीसाठी स्वामी आले होते, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पांना बसवून विभूती लावली होती. बेलाच्या पानांत चेहरा नेहमीसारखाच दिसत होता, काहीतरी सांगायच्या आधी थांबल्यासारखा. समाधी त्यांच्याच रानात द्यायची ठरली होती, ओढ्यापलीकडे. खड्डा घ्यायला माणसं फावडी घेऊन उभी होती, पण काशिनाथ त्यांना सुरू करू देत नव्हता.

मला पाहून तो जवळ आला. म्हणाला, "बाई, तुम्ही हितली माती तपासली व्हती. खरं सांगा. ही माती त्याच्या अंगावर घालू का नको?"

मी म्हटलं, "काशिनाथकाका, धुरातून पडलेलं शिसं वरच्या थरातच राहतं. फार खोल जात नाही. खालची माती चांगली आहे."

त्यानं स्वतः फावडं घेतलं. आधी वरची वीतभर माती सगळीकडून खरवडून एका बाजूला लांब टाकायला लावली. तिचा ढीग वेगळा केला, त्यावर पोतं टाकलं, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मग खालची काळी, ओलसर माती निघू लागली. तिचा ढीग दुसऱ्या बाजूला. अप्पांना आत बसवल्यावर काशिनाथ त्याच ढिगापाशी उभा राहिला आणि प्रत्येकाला बोट दाखवत होता, "हितली घ्या. हितलीच घ्या." लोक एकेक करून मूठमाती देत होते. मीही दिली.

गौरीनं बोट दाखवणाऱ्या आपल्या आजोबांकडे पाहिलं, खाली वाकली, आणि तिच्या पायाशी होती तीच, न खरवडलेली वरची माती मुठीत घेऊन खड्ड्यात टाकली. कुणाच्या लक्षात आलं नाही. काशिनाथच्या आलं. स्वामींचे मंत्र चालू होते. त्यानं ते संपायची वाट पाहिली नाही. नातीला उचललं, अप्पांच्या घरासमोरच्या हौदावर नेलं, आणि खाली बसून तिचे हात धुवायला लागला. बोटं वेगवेगळी करून, नखांत साचलेली माती काडीनं काढून. ती विचारत होती, "का धुवायलाव, आज्जा?" तो धूत होता. हात स्वच्छ झाल्यावरही धूत होता.